हैदराबाद कंटिन्जंट : खर्च, साहित्य व देखरेख

हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातून पगार घेणारी, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीत आणि हैदराबाद येथील ब्रिटिश रेसिडेंटच्या (दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या) देखरेखीखाली असलेली फौज ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ओळखली जाई. तिचे मुख्य ठाणे हैदराबादजवळील बोलारम येथे होते. मराठवाड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे तिच्या छावण्या होत्या. तैनाती फौजेशी तिची गल्लत नेहमी होते. तैनाती फौज ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची होती, सिकंदराबाद व जालना ही तिची ठाणी होती, आणि तिच्या खर्चापोटी निजामाने १८०० च्या तहाने बळ्ळारी, कडप्पा इत्यादी मुलूख कायमचा तोडून दिला होता. कंटिन्जंट मात्र नावाने निजामाची फौज होती. निजामाचे खासगी अरब, रोहिले व बेकवायती सैन्य या दोहोंहून वेगळे होते. त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

या फौजेच्या आरंभाविषयी एकमत नाही. पलटणींच्या परंपरेनुसार हा आरंभ १७८८ पर्यंत मागे जातो. त्या सुमारास एलिचपूरचा नवाब सलाबतखान याने उभारलेल्या पथकांतून पुढील काही पलटणी निघाल्या असे मानले जाते. परंतु सरदाराचे पथक आणि कवायती पलटण यांत सातत्य दाखवणे हा पलटणींच्या इतिहासलेखनाचा सर्वत्र आढळणारा आवडता विषय असल्याने हा दावा जपूनच घ्यावा लागतो. दुसरे मत १२ ऑक्टोबर १८०० च्या तहावर आधारलेले आहे. त्या तहाच्या बाराव्या कलमानुसार युद्धप्रसंगी निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावयाचे होते, आणि कंटिन्जंट ही याच जबाबदारीची पूर्तता होय असे कंपनीचे अधिकारी दीर्घकाळ सांगत आले. तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ साधारणतः १८१३ मध्ये झाला. हैदराबादेतील पलटणींनी बंडाळी केल्यानंतर रेसिडेंट हेन्री रसेल याने (कारकीर्द १८११–२०) दोन पलटणींची ‘रसेल ब्रिगेड’ उभी केली. तिची हत्यारे, पोशाख व कवायत कंपनीच्या फौजेप्रमाणे ठेवली आणि पगाराची हमी रेसिडेन्सीमार्फत दिली. औरंगाबाद विभागातील पलटणी व सुधारित रिसाले (घोडदळाच्या पलटणी) हे थोड्याच काळात याच घडणीत बसवले गेले. प्रत्यक्ष व्यवहाराच्या दृष्टीने हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, तर कायद्याच्या दृष्टीने ही फौज १८५३ च्या तहापूर्वी अस्तित्वात होती असे म्हणणेच अवघड आहे.

दुसऱ्या मताला सर्वांत मोठा धक्का खुद्द गव्हर्नर जनरलकडून बसला. बाराव्या कलमात युद्धकाळाचाच उल्लेख असल्याने १८१७ चे इंग्रज-मराठा युद्ध संपल्यानंतर शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन निजामावर होते असे आपण प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, असे लॉर्ड डलहौसी याने १८५३ च्या आपल्या टिपणात नमूद केले. एवढे लिहूनही त्याच वर्षी त्याने फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या रकमेची वसुली सोडली नाही. फौज निजामाने नाकारली नव्हती, म्हणजेच ती त्याला मान्य होती, असा युक्तिवाद त्यासाठी पुढे करण्यात आला.

देखरेखीचे स्वरूप पायदळ व घोडदळ यांत भिन्न होते. पायदळाची बंदूक, काडतुसे व पोशाख सरकारी असत आणि मोजदाद पलटणीच्या कोठारातच होई. रिसाले मात्र शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा, खोगीर, पोशाख व बहुतांशी हत्यारे ही ज्याच्या नावावर आसामी (स्वाराची पगारी जागा) असेल त्याची. एका शिलेदाराच्या अनेक आसाम्या असत आणि त्यांवर तो बारगीर (शिलेदाराच्या घोड्यावर बसणारे पगारी स्वार) ठेवी. आसामीला बाजारभाव होता. ती विकता येई आणि सावकाराकडे गहाणही पडे. घोडा मेला तर दुसरा आणण्याचा बोजा शिलेदारावर पडत असल्याने म्हातारे जनावर खरारा करून हजेरीला उभे करणे किंवा शेजारच्या तुकडीचा घोडा उसना आणणे हे प्रकार शिलेदारी फौजांत सर्वत्र चालत. यावर उपाय म्हणून मोगल काळापासून चालत आलेली ‘दाग व चेहरा’ ही रीत होती. घोड्यावर डाग द्यावयाचा, स्वाराचे वय, वर्ण, अंगावरील खुणा चेहरेपट्टीत लिहावयाच्या आणि पगारापूर्वी दोन्ही ताडून पाहावयाचे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही रीत मोडली नाही, तिच्यावर कवायतीची तपासणी तेवढी चढवली. मात्र हा सारा तपास रेसिडेन्सीच्या साखळीतून वर जाई. पैसा देणाऱ्या निजामाच्या दिवाणाला किती अधिकारी नेमावेत, त्यांना काय वेतन द्यावे, कोणते साहित्य घ्यावे यांत वस्तुतः आवाज नव्हता.

खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांपर्यंत गेला. निजामाचा कारभारी पेशकार चंदुलाल याने तो कर्जावर भागवला. विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीने औरंगाबाद विभागातील फौजेचा पगार आगाऊ देण्याचा करार केला आणि त्या बदल्यात महसूल लावून घेतला. चढ्या व्याजाच्या या व्यवहारावर रसेलनंतरचा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने १८२० नंतर आक्षेप घेतला. उत्तर सरकार या किनारी प्रदेशाबद्दल कंपनी निजामाला दरसाल देत असलेली पेशकश (खंडणी) एकरकमी मोडून आलेल्या १ कोटी १६ लाखांहून अधिक रुपयांतून पामरचे देणे फेडण्यात आले व पुढे ती पेढी बुडाली. पुढील सावकारांत पेस्तनजी मेहेरजी हे पारशी घराणे ठळक होते. औरंगाबादेत पाडलेले त्यांचे पेस्तनशाही रुपये नाणेसंग्राहकांना परिचित आहेत. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाल्यानंतर पगाराची तूट कंपनीचा खजिना भरू लागला. फौजेवर देखरेख करणारा आणि तिच्यासाठी कर्ज देणारा असे दोघेही आता एकच झाले.

या खर्चापोटी व कर्जापोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव म्हणजे नळदुर्ग जिल्हा आणि रायचूर दोआब हे प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. कंटिन्जंटमध्ये किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने असावेत, ती पूर्ण सज्ज व कवायती असावी आणि तिचे नियंत्रण रेसिडेंटमार्फत व्हावे असे ठरले. कंटिन्जंटची संख्या व सज्जता तहात प्रथमच आकड्यांनी बांधली गेली. त्याबरोबरच जमाखर्चाचा हिशेब दरसाल निजामाला द्यावा व शिल्लक त्याच्याकडे भरावी असेही कलम होते. हे कलम सात वर्षेच टिकले. १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, परंतु वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. कर्जमाफीचे मोल म्हणून हे कमी नव्हते. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८७० च्या दशकात वऱ्हाड परत मागितले तेव्हा ही उणीव त्याला पदोपदी नडली.

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत पहिल्या रिसाल्याने दिल्लीच्या बादशहाविरुद्ध चालून जाण्यास नकार दिला. पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने हा उठाव मोडला. तेथील क्रांती चौकातील काळा चबुतरा हे शिक्षांचे ठिकाण म्हणून दाखवले जाते. उर्वरित कंटिन्जंट मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत सर ह्यू रोझ याच्या हाताखाली लढली.

५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने कायम पट्ट्यावर गेले आणि पुढील वर्षी कंटिन्जंट हे नाव संपले. पायदळाच्या सहा पलटणींना हिंदी सैन्यात ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. रिसाल्यांतून २० वा डेक्कन हॉर्स, २९ वा व ३० वा लान्सर्स निघाले. पायदळाच्या पलटणींपासून १९२२ मध्ये हैदराबाद रेजिमेंट झाले व १९४५ मध्ये त्याचे नाव कुमाऊँ रेजिमेंट ठेवण्यात आले. हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये उठली. औरंगाबादची मात्र आजही लष्कराकडे आहे.