लोखंड टाळणारे यंत्र आणि नागपूरची जमीन

मेटल डिटेक्टरचा इतिहास म्हणजे बराचसा लोखंड टाळण्याचा इतिहास आहे. सोने, चांदी, तांबे तेवढे कळावे. खिळे, पत्रे आणि तारांचे तुकडे गप्प राहावेत, यासाठी या यंत्रावर अनेक दशके डोके लढवले गेले. नागपूरच्या आसपास हेच यंत्र घेऊन जुन्या वस्तू शोधायला निघालेल्या माणसाला एक गोष्ट आधी माहीत असायला हवी: इथल्या मातीतला फार मोलाचा जुना ठेवा लोखंडाचाच आहे.

काटोल रोडने शहराबाहेर पडले की जुनापाणी लागते. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. मोठाले धोंडे गोलाकार रचलेले, मधल्या जागेत दगड-मुरमाची भर, आणि त्याखाली पुरलेल्या माणसाची हाडे, मडकी आणि सोबत दिलेले सामान. माहुरझरी, बुटीबोरीजवळचे टाकळघाट-खापा, हिंगण्याकडचे रायपूर, पेंच नदीकाठचे नायकुंड, भागीमोहारी, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले खैरवाडा अशी ही ठिकाणे विदर्भभर पसरली आहेत. त्यांचा काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. या दफनांमधून निघाले ते मुख्यतः लोखंड: कुऱ्हाडी, खंजीर, भाल्यांची पाती, छिन्न्या, तासण्या, बाणांची टोके, घोड्यांच्या तोंडातले लगाम. काही कुऱ्हाडी दांड्याला घट्ट बसाव्यात म्हणून त्यांच्यावर आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत. माहुरझरीला घोडाही पुरलेला सापडला आणि त्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साजही.

या शोधाला नागपुरात दीडशेहून अधिक वर्षे झाली. मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दफने पाहून परतत असताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. आपले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्याच वर्षी रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सुरू झाले. पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळे खोदली आणि १८७९ मध्ये त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी तो भारावून गेला होता. शास्त्रशुद्ध उत्खननाला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे जुनापाणी खोदले. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० पासून माहुरझरी हाती घेतले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नायकुंड. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. वक्र विटांनी बांधलेला गोल तळ, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडे आणि भोवती धातुमळी, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ. दफनातली कुऱ्हाड पाहून ती आणली कुठून, हा प्रश्न उरतोच. नायकुंडच्या भट्टीने लोखंड इथेच, याच माणसांच्या हातांनी तयार होत होते, हे दाखवून दिले. आणि हे सांगितले कोणी? तर धातुमळीने, ज्या काळ्या, जड, ओबडधोबड गोळ्याला भंगारवालाही हात लावणार नाही. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस तो पहिल्या फटक्यात बाजूला फेकून देतो.

असे का, हे समजण्यासाठी यंत्राकडे वळावे लागेल. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले नवे उपकरण घेऊन आले. तारेची वेटोळी, वीज आणि कानाला लावायचा रिसीव्हर. गोळी काही सापडली नाही. डॉक्टरांनी चुकीच्या बाजूलाच शोध घ्यायला लावला होता आणि गादीखालच्या पोलादी तारांनीही घोळ घातला होता. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये वारले. म्हणजे या यंत्राच्या पहिल्याच मोठ्या परीक्षेत लोखंड आडवे आले होते.

१९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी विमानांच्या दिशादर्शक रेडिओत धातूमुळे येणाऱ्या चुकांवरून हातात धरून चालवता येणारे यंत्र बनवले. त्याचे पेटंट १९३७ चे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. सुरुंगवाल्या सैनिकाला धातू कोणता, याच्याशी कर्तव्य नव्हते. युद्ध संपल्यावर हीच लष्करी यंत्रे बाजारात आली आणि अमेरिकेत यादवी युद्धाच्या रणभूमींवर गोळ्या, बकले शोधणाऱ्या हौशी लोकांच्या हाती पडली. त्यांना मात्र फरक पडत होता. प्रत्येक खिळ्याला यंत्र ओरडले, की खणून खणून माणूस थकून जाई.

१९७० च्या दशकात त्यावर तोड निघाली. यंत्राच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत भोवरी विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचे उलट क्षेत्र दुसऱ्या कॉइलला जाणवते. हे उत्तर किती उशिराने आले, यावरून धातूचा अंदाज बांधता येतो. चांदी, तांबे यांतून वीज सहज वाहते, म्हणून त्यांचे उत्तर एका प्रकारचे. लोखंड स्वतःच चुंबकीय, म्हणून त्याचे वेगळे. हा फरक पकडून लोखंडाचा आवाज दाबून टाकणारे ‘डिस्क्रिमिनेशन’ आले. सोय मोठी झाली, पण तिच्यासोबत एक नवीच अडचण उभी राहिली. नाण्याला लागून एखादा गंजका खिळा पडलेला असला, तर यंत्र खिळा गाळताना नाणेही गाळते. जुन्या वस्त्या, पडके वाडे, लोहारांच्या जागा, छावण्या ही सगळी ठिकाणे खिळ्यांनी भरलेली. जिथे माणसे राहिली, तिथेच खिळे पडले आणि तिथेच नाणी हरवली.

म्हणून जाणकार मंडळी अशा जागी छोटी कॉइल लावतात, म्हणजे तिच्याखाली एका वेळी कमीत कमी तुकडे येतात. हात सावकाश फिरवतात. लोखंड पूर्ण बंद न करता त्याचा हलका, खर्जातला आवाज चालू ठेवतात आणि त्या खरखरीत मधूनच उठणारा स्वच्छ सूर टिपतात. मग नव्वद अंशांत वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवतात. दोन्ही दिशांनी सूर तसाच आला तरच खणतात. गंजलेला रुंद पत्रा कधी कधी चांदीसारखा सूर काढून फसवतो, पण दिशा बदलली की बहुधा त्याचे बिंग फुटते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या डिजिटल यंत्रांनी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर येण्याचा वेळ खूप कमी केला आहे. नागपूरकडे आणखी एक अडचण आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या बेसाल्टची हद्द सुरू होते. त्या खडकात आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे यंत्राला आधी जमिनीचा आवाज वजा करायला शिकवावे लागते.

हे सगळे कसब नाण्यासाठी आहे. महापाषाणीय जागेवर, म्हणजे मोठ्या धोंड्यांच्या या दफनांच्या जागी, ते उलटे पडते. कुऱ्हाड, खंजीर, लगाम, धातुमळी यांपैकी काहीच स्वच्छ सूर काढत नाही. अडीच हजार वर्षांत यातले बरेचसे लोखंड गंजून जवळजवळ मातीसारखे झालेले असते. चुकून कोणी खणलेच, तर हाती येतो तपकिरी ढेकूळ, आणि तो धुऱ्यावर भिरकावला जातो. त्यासोबत तो हाडांच्या कोणत्या बाजूला होता, लगाम घोड्याच्या जबड्यात होता की शेजारी ठेवला होता, ही माहितीही कायमची जाते. मला याचेच सर्वांत वाईट वाटते.

त्यात आपल्याकडे गुप्तधनाचा नाद. शिळावर्तुळ म्हणजे धनाची खूण, अशी समजूत असलेली माणसे वर्तुळे उकरतात. दूरवरून सोने दाखवण्याचा दावा करणारी अँटेनांची यंत्रेही विकली जातात; त्यांच्या दाव्याला भौतिकशास्त्रात काही आधार नाही. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही घ्यावी लागली.

कायदा स्पष्ट आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते; न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि नागपूर जिल्ह्यातली अनेक शिळावर्तुळे केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर १९७२ च्या कायद्याचे बंधन आहे.

हे यंत्रच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि स्वयंसेवक मेटल डिटेक्टर घेऊन ओळीने चालले. प्रत्येक इशाऱ्यावर झेंडी रोवली, वस्तू कुठे आणि कोणत्या दिशेने पडली ते मोजले आणि मगच ती उचलली. काडतुसांवरच्या ठशांवरून एकेक बंदूक मैदानात कशी सरकत गेली, हे त्यांनी उलगडले. अमेरिकन सैन्य आणि तिथल्या मूळनिवासी जमाती यांच्यातली १८७६ ची ती लढाई लोकांना तेव्हा नव्याने कळली.

२६-२७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाईही अशी वाचता आली असती. भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली होती, इंग्रजांच्या घोडदळाने सपाट मैदानावर हल्ला चढवला होता. पण १८६७ मध्ये रेल्वे आली, नंतर स्टेशन, बाजार आणि रस्ते झाले. मोठ्या टेकडीवरचा किल्ला लष्कराकडे आहे. तिथल्या जमिनीत रूळांचे तुकडे, सळया आणि खिळ्यांचे इतके थर आहेत, की शिशाच्या गोळ्या असल्याच तरी त्यांचा मागोवा घेणे जवळपास अशक्य आहे.

माहुरझरी आणि जुनापाणीकडे अजून वेळ आहे, जरी ले-आउट आणि मुरमाच्या खाणी जवळ येत चालल्या आहेत. तिथे परवानगीने, विद्यापीठाच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली सर्वेक्षण झाले, तर डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद ठेवावे लागेल. सोबत जमिनीतले चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटरही लागेल, कारण तापून थंड झालेली भट्टीची माती आपले चुंबकत्व धरून ठेवते आणि मातीखालूनही ओळखू येते. प्रत्येक खरखरीवर झेंडी, प्रत्येक झेंडीची नकाशावर नोंद, आणि त्या नोंदींत धातुमळीचा रकाना सर्वांत आधी.