गोळी, पीळ आणि दारू: लांब पल्ल्याच्या नेमबाजीतलं जुनं त्रांगडं

2 जुलै 1860 रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने एक रेशमी दोरी ओढली. दुसऱ्या टोकाला चौकटीत घट्ट बसवलेली रायफल होती. गोळी 400 यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धांचं हे उद्घाटन. राणीचं काम दोरी ओढण्यापुरतं. कसब होतं ती रायफल बनवणाऱ्या मँचेस्टरच्या अभियंता जोसेफ व्हिटवर्थचं.

त्या वेळच्या लष्करी एन्फिल्ड रायफलच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, 78 इंचांत एक वेढा घेत. नळीच 39 इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीची अर्धीच गिरकी व्हायची. व्हिटवर्थने भोक 0.577 इंचावरून 0.451 वर आणलं, षट्कोनी केलं आणि पीळ 20 इंचांत एक इतका आवळला. गोळीचं वजन मात्र एन्फिल्डइतकंच ठेवलं, 530 ग्रेन, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम. तेवढंच शिसं बारीक भोकात बसवायचं तर गोळी लांबुळकी होणारच. आणि गोळी जितकी लांब तितकी गिरकी जोरात हवी, नाहीतर मंदावलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलायला लागते. ‘अमुक ग्रेनला कोणता पीळ?’ असं नेमबाज आजही सर्रास विचारतात, पण पीळ ठरतो मुख्यतः लांबीवर. लष्कराने ही रायफल घेतली नाही. ती महाग होती, शिवाय काळ्या दारूची काजळी षट्कोनी नळीत लवकर साचायची.

1879 मध्ये वुलिचच्या तोफखाना विद्यालयातले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी या अनुभवाला सूत्रात बसवलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा, लांबीने भागा. किती इंचांत एक वेढा हवा ते मिळतं. 0.308 इंच व्यासाची, 1.2 इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर जवळपास 12 येतं. कागद-पेन्सिलीवर होणारा हा हिशेब तोफगोळ्यांसाठी होता, पण अंदाजासाठी रायफलवाले तो अजून वापरतात.

तिसरा भिडू दारू. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू बनवली आणि गोळ्यांचा वेग एकदम वाढला. त्या वेगात नुसतं शिसं आट्यांना धरून राहीना, म्हणून गोळीवर धातूचं कवच आलं. ब्रिटिशांची फजिती निराळीच. 1888 च्या ली-मेटफर्ड रायफलचे आटे उथळ, गोलसर होते. काजळी साचू नये म्हणून मुद्दाम तसे केलेले. मागून कॉर्डाइट ही ब्रिटिशांची बिनधुराची दारू आली. तिला काजळीचा त्रास कमी, पण आच इतकी कडक की ते उथळ आटे भराभर झिजले. 1895 मध्ये खोल एन्फिल्ड आटे आले आणि रायफल ली-एन्फिल्ड झाली. पीळ तोच राहिला, 10 इंचांत एक. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री याच घराण्यातली.

पीळ जमला म्हणजे सगळं जमलं असंही नाही. 0.308 व्यासाची 168 ग्रेनची प्रसिद्ध मॅच (स्पर्धेची) गोळी 300 मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली. 1000 यार्डांपर्यंत जाताना तिचा वेग आवाजाच्या वेगाशी येऊन ठेपतो आणि ती डगमगते. पीळ पुरेसा असूनही! दोष बराचसा तिच्या निमुळत्या शेपटीच्या 13 अंशांच्या उताराचा. तिची 175 ग्रेनची बहीण 9 अंशांच्या उतारामुळे हा टप्पा बरा पार करते.

2007 च्या 6.5 क्रीडमूर या काडतुसात तिन्ही गोष्टींचा विचार सुरुवातीपासूनच एकत्र झाला. नाव न्यूयॉर्कजवळच्या नेमबाजीच्या त्या मैदानाचं, जिथे 1874 मध्ये अमेरिकेने आयर्लंडला 934-931 असं निसटतं हरवलं होतं. बारीक, लांब गोळी, 8 इंचांत एक वेढा, आणि जड गोळीला हिसका न देता रेटत नेणारी, सावकाश जळणारी दारू.

स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या 50 मीटरच्या प्रकारात पॉइंट टू-टूची तयार काडतुसं असतात. दारू बदलायची सोयच नाही. तिथे एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आणून, रायफल चौकटीत आवळून, एकेक लॉट झाडून बघतात. ज्या लॉटची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतात, त्याचीच खोकी घरी येतात.