ओसाड मॉल आणि गावाबाहेरच्या दफनभूमी: ही शांतता आली कुठून

ओसाड मॉल आणि जुन्या दफनभूमी यांचे फोटो आवडणारे लोक बहुतेक तेच असतात, आणि त्यात नवल नाही, दोन्ही जागा मुद्दाम शहराबाहेर नेलेल्या. दफनभूमी आधी गेल्या, कारण चर्चच्या आवारात पुरायला जागाच उरली नव्हती आणि रोगराईची भीती होती. पॅरिसची पेर लाशेझ १८०४ ची, अमेरिकेतली माउंट ऑबर्न १८३१ ची. टेकड्या, तळी, वळणाचे रस्ते. तेव्हा सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या त्यामुळे लोक इथे फिरायलाच यायचे, चांगली वर्दळ असायची. लंडनच्या हायगेटमध्ये (१८३९) आज जी गूढ झाडी दिसते ती पण मूळची नाही, विसाव्या शतकात देखभालीचे पैसे संपले आणि रान माजलं.

मॉलचं प्रकरण वेगळं. पूर्ण बंदिस्त, एसीवाला पहिला मॉल मिनेसोटातल्या ईडायना इथला साउथडेल, १९५६. पण माझ्या मते खरी तारीख १९५४ आहे, त्या वर्षी अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात जलद घसारा आला (घसारा म्हणजे इमारत जुनी होत जाते म्हणून तिच्या किमतीचा दरवर्षी खर्चात दाखवायचा भाग). आधी इमारतीची किंमत साधारण ४० वर्षांत सारख्या हप्त्यांनी खर्चात दाखवायची, आता सुरुवातीच्या वर्षांतच त्यातला मोठा भाग दाखवता येऊ लागला, त्यामुळे कागदावर तोटा आणि टॅक्स कमी, आणि तो फायदा संपत आला की इमारत विकून दुसरीकडे नवी बांधायची. जमिनीवर घसारा मिळत नाही, मग शहरातल्या महागड्या जागेपेक्षा बाहेरचं स्वस्त शेत बरं. काही अभ्यासक म्हणतात की घसाऱ्याला उगाच दोष देतात, हायवे झाले, कुटुंबं उपनगरात गेली, मॉल तसेही झालेच असते. झाले असते, मान्य. पण गिऱ्हाईक असो नसो एकाला लागून दुसरा, तिसरा, इतके झाले असते का? जुना मॉल नीट राखण्यापेक्षा नवा बांधणं जिथे परवडतं तिथे जुना ओस पडणारच.

इलिनॉयमधला डिक्सी स्क्वेअर १९६६ ला उघडला, १९७८ ला बंद झाला, जेमतेम १२ वर्षं चालला, आणि नंतर तीस वर्षांहून जास्त काळ रिकामा उभा होता, २०१२ ला पाडला. बँकॉकच्या न्यू वर्ल्ड मॉलचं छप्पर गेलं, तळमजल्यात पावसाचं पाणी साचलं, डास फार झाले म्हणून आसपासच्या लोकांनी त्यात मासे सोडले, थांबलेल्या सरकत्या जिन्यांखालून मासे फिरायचे! २०१५ ला ते काढून नेले.

ओहायोतल्या रोलिंग एकर्सचे फोटो तर बघाच, काचेचं छप्पर फुटलेलं आणि आत सरकत्या जिन्यावर बर्फ साचलेला. इतका सुंदर उजेड तो मॉल चालू असताना कुणी थांबून बघितला नसेल. १९७५ ते २००८ चालला, काही वर्षांनी पाडला. तिथे आता ऑनलाइन खरेदीचं भलंमोठं गोदाम आहे, त्याच राज्यातल्या रँडल पार्क मॉलच्या जागेवरही तेच.