डार्विनच्या पेटीतला ‘नवा’ भुंगेरा

‘नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी वाचली की डोळ्यांपुढे जंगल उभं राहतं. पाठीवर पिशवी, हातात जाळी आणि पानाखाली अचानक गवसलेला, आजवर कुणी न पाहिलेला जीव. रोव्ह बीटल, म्हणजे आखूड पंखझाकणांचे भुंगेरे, यांच्या बाबतीत गोष्ट बरेचदा जंगलात सुरू होतच नाही. ती सुरू होते एखाद्या संग्रहालयाच्या खणात. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे २०१४ साली जाहीर झालेला ‘डार्विनिलस सेडारिसी’. तो ‘नवा’ ठरला तेव्हा त्याला पकडून १८२ वर्षं झाली होती, आणि पकडणारा होता खुद्द चार्ल्स डार्विन.

१८३२ साली ‘बीगल’ जहाज अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांका भागात होतं. डार्विन तेव्हा २३ वर्षांचा. या मुक्कामाचं नाव इतिहासात राहिलं ते तिथल्या महाकाय सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांमुळे. किडे गोळा करणं मात्र त्याचं जुनं व्यसन. केंब्रिजमध्ये शिकताना दोन्ही हातांत एकेक दुर्मिळ भुंगेरा असताना तिसरा दिसला, म्हणून त्याने हातातला एक तोंडात टाकला आणि त्या भुंगेऱ्याने सोडलेल्या रसाने जीभ पोळली, हा किस्सा त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. असा माणूस जीवाश्म खणता खणता शेजारून जाणारा भुंगेरा कसा सोडेल? तोही असा : डोकं आणि छातीचा वरचा भाग चकचकीत निळा-हिरवा, शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, करवतीसारख्या दातेरी.

१८३६ मध्ये जहाज परतलं तेव्हा डार्विनच्या नोंदीत मद्यार्कात बुडवलेले १,५२९ आणि वाळवलेले ३,९०७ नमुने होते. एकट्याने एवढ्याचं वर्णन करणं अशक्यच. पक्षी एकाकडे, सस्तन प्राणी दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली. किड्यांची तर आणखीच पांगापांग झाली. हा भुंगेरा शेवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोचला आणि तिथेच हरवला. हरवला म्हणजे चोरीला गेला नाही, कुजलाही नाही. टाचणीला टोचलेला, चिठ्ठी लावलेला असा तो ओळख न पटलेल्या नमुन्यांच्या गर्दीत बसून राहिला. आपल्या सरकारी दप्तरांत कागद ‘गहाळ’ होतात ना, अगदी तसा.

कुणाचंच लक्ष का गेलं नसावं, हे कळायला या कुळाकडे पाहायला हवं. बहुतेक भुंगेऱ्यांची कडक पंखझाकणं सगळी पाठ झाकतात. यांची मात्र आखूड बंडीसारखी, पोटाचा बराचसा भाग उघडाच. उडायचे पंख त्या बंडीखाली घड्या घालून ठेवलेले असतात, आणि गंमत म्हणजे डाव्या-उजव्या पंखांची घडी एकसारखी नसते. पावसाळ्यात अंगावर चिरडला गेला की कातडी भाजल्यासारखी करणारा, बातम्यांमधला ‘नैरोबी माशी’ नावाचा किडाही याच कुळातला. तो माशी नाही आणि चावतही नाही. त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागलं की फोड येतात. या एका कुळात आज ६६ हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळालेली आहेत. (शब्दांबद्दल एक खुलासा : मराठी विश्वकोशात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ स्पीशीजसाठी रुळवला आहे. मी इथे वर्तमानपत्रांमागे गेलो आहे आणि जीनसला वंश म्हणतो आहे.)

नावं देण्याचं काम सुरू झालं स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याच्यापासून. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना त्याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात, आणि या कुळातला ‘स्टॅफिलिनस’ हा वंश त्यात आहेच. १८०२ मध्ये ग्रावेनहोर्स्टने जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग परिसरातल्या या भुंगेऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १८३९-४० मध्ये बर्लिनच्या एरिक्सनने जगभरच्या प्रजाती एका ग्रंथात मांडल्या. त्यानंतर मात्र नावांचा पूर आला. ऑस्ट्रियाचे माक्स बर्नहाउअर व्यवसायाने नोटरी. फावल्या वेळात त्यांनी पाच हजारांहून जास्त प्रजातींना नावं दिली. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत १९३० ते १९३९ दरम्यान भारतीय उपखंडातल्या या भुंगेऱ्यांचे चार खंड काढले.

या मंडळींच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी, पण पुढच्या पिढ्यांची डोकेदुखीही त्यांनीच वाढवून ठेवली. त्या काळातली वर्णनं कित्येकदा काही ओळींची : रंग काळा, पाय पिवळसर, अमक्यापेक्षा थोडा रुंद. चित्र नाही. अशा वर्णनाला एकाच खणातले दहा वेगवेगळे भुंगेरे बसू शकतात. म्हणून आज पश्चिम घाटातला एखादा नमुना नवा आहे असं म्हणायचं, तर नुसते कॅमेरॉनचे खंड चाळून भागत नाही. ज्या मूळ नमुन्यावरून त्यांनी नाव दिलं, तो पाहावा लागतो. त्यांचा संग्रह लंडनला आहे. बर्नहाउअरचा शिकागोला.

नुसतं बाहेरून पाहूनही चालत नाही. रंग आणि आकार यांवर भिस्त ठेवली की फसगत होते. १९१२ मध्ये शार्प आणि म्यूर या कीटकशास्त्रज्ञांनी भुंगेऱ्यांच्या नराच्या जननेंद्रियाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन भुंगेरे या एका अवयवात स्वच्छ वेगळे निघतात, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. आता तो पाहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. शंभर वर्षं वाळलेला भुंगेरा आधी मऊ करायचा, मग सुईच्या टोकाने तो अवयव अलगद काढायचा, स्वच्छ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढायचं आणि ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला परत अडकवायचा. एवढं करून नमुना जुन्याच प्रजातीचा निघाला, तर पुढचा घ्यायचा.

आधीचं सगळं तपासायचं म्हणजे किती, याचा अंदाज कीटकशास्त्रज्ञ ली हर्मन यांनी २००१ मध्ये केलेल्या या कुळाच्या सूचीवरून येतो : सात भाग, ४,२१८ पानं. तरीही या कुळातली काही मोठाली उपकुळं त्यात धरलेलीच नाहीत.

या पार्श्वभूमीवर २००८ मधली घटना पाहायची. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटानूगाच्या विद्यापीठात काम करणारे स्टिलियानोस हाजिमानोलिस यांनी लंडनच्या संग्रहालयाकडून आपल्या अभ्यासाच्या गटातले नमुने उसने मागवले. संग्रहालयं असे नमुने ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे उसने देतात, तेही टपालाने. आलेल्या नमुन्यांत एक निळा-हिरवा भुंगेरा निघाला, आणि त्याच्या टाचणीवरची चिठ्ठी बाहिया ब्लांका आणि डार्विन यांच्याकडे बोट दाखवत होती. करवती शृंगिकांचा असा भुंगेरा ओळखीच्या कुठल्याच वंशात बसेना. बर्लिनच्या संग्रहालयात आणखी एक निघाला, अर्जेंटिनातल्याच रिओ क्वार्तोचा, १९३५ च्या आधी पकडलेला. ओळख पटवण्यापासून लेख छापून येण्यापर्यंत आणखी सहा वर्षं गेली.

१२ फेब्रुवारी २०१४ ला, डार्विनच्या २०५ व्या जयंतीला, ‘झूकीज’ या नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध झालं. वंशही नवा, प्रजातीही नवी. वंशाच्या नावात डार्विन आहे, त्यात नवल नाही. ‘सेडारिसी’ हे अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यावरून. वर्णनाची तयारी करताना हाजिमानोलिस त्यांची ध्वनिपुस्तकं ऐकत असत. डार्विनच्या शेजारी विनोदी लेखक बसवणं कुणाला खटकेल. मला नाही खटकलं. जो माणूस महिनोन्महिने टाचणीवरच्या किड्याचे दात मोजतो, त्याला सोबत कुणाची होती हे लिहून ठेवायचा हक्क आहे.

१८२ वर्षं हा टोकाचा आकडा खरा, पण वाट पाहणं हे नेहमीचंच. २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी सगळ्याच प्रकारच्या नव्या प्रजातींचा हिशेब मांडला, तेव्हा नमुना पहिल्यांदा गोळा होण्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षं जातात असं दिसलं.

दरम्यान बाहेरचं जग काही थांबत नाही. बाहिया ब्लांका ते रिओ क्वार्तो हा पट्टा मोठ्या प्रमाणावर शेतीखाली गेला आहे. वर्णन लिहिताना हाजिमानोलिस यांच्याजवळ दोनच नमुने होते, दोन्ही नर. डार्विनिलसची मादी तोवर कुणाच्या हाती लागलेली नव्हती, आणि १९३५ नंतर पकडलेला एकही भुंगेरा कुठल्या खणात सापडला नव्हता.