मल्टिमीटरला न सापडणारा मॅग्नेटोचा दोष

जुन्या मोटारसायकलींची एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते, अर्धा तास सुरेख पळते, मग फटफट करत बंद पडते आणि इंजिन निवेपर्यंत काही केल्या सुरू होत नाही. मॅग्नेटो, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज बनवणारं यंत्र, उतरवून टेबलावर घ्यावा, मल्टिमीटर लावावा, तर सगळं ठीक! वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तुटलेलं नाही, आकडे बरोबर. मग मंडळी कार्ब्युरेटर खोलतात, पेट्रोलची नळी बदलतात. दोष मॅग्नेटोतच असतो. पण मल्टिमीटर फक्त एक-दोन व्होल्टवर, थंड आणि थांबलेल्या मॅग्नेटोवर मोजतो आणि नेमक्या त्याच परिस्थितीत हा दोष दडून राहतो.

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चुंबक आणि तारेची गुंडाळी एकमेकांसापेक्ष फिरली की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. पण इंजिनात ठिणगी पाडायला एवढं पुरत नाही. जुन्या मोटारसायकलींच्या बहुतेक मॅग्नेटोंत आर्मेचर, म्हणजे गुंडाळीचा भाग, फिरतं. त्याच्या लोखंडी गाभ्यावर आधी जाड तारेचे दीडशे-दोनशे वेढे असतात, ते प्रायमरी. त्यावर अतिशय बारीक तारेचे दहा हजारांच्या आसपास वेढे, ते सेकंडरी. पॉइंट, म्हणजे प्रायमरीची वाट जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क, मिटलेले असताना प्रायमरी स्वतःवरच शॉर्ट झालेली असते. आर्मेचर फिरतं तसं गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र उलटायला बघतं आणि प्रायमरीत उत्पन्न होणारा काही अँपिअरचा करंट त्या बदलाला विरोध करून जुनं क्षेत्र धरून ठेवतो. ताण असा वाढत असतानाच कॅम, म्हणजे उंचवट्याचा भाग, पॉइंट उघडतो. करंट तुटतो, अडवून ठेवलेलं क्षेत्र एकदम कोसळतं, प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीत हजारो. मला तरी यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी ही एक वाटते.

युक्ती एका दिवसात घडली नाही. जर्मनीच्या रॉबर्ट बॉशने 1887 मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला, 1897 मध्ये तो द दियों-बुतों या फ्रेंच कंपनीच्या तीनचाकीवर बसला, आणि 1902 मध्ये बॉशचा अभियंता गॉटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी सिद्ध केली. ब्रिटन तर या जर्मन मालावर इतका विसंबून होता, की 1914 मध्ये युद्ध पेटताच तिथे मॅग्नेटोंचा तुटवडा पडला.

आता कंडेन्सर, कारण बहुतेक गोष्टी इथेच अडतात. पॉइंट उघडायला लागतात तेव्हा त्यांच्यातली फट केसाहूनही बारीक असते. अशा वेळी करंटला जायला दुसरी वाट नसेल, तर तो त्या फटीतूनच ज्वाळ होऊन वाहत राहतो आणि क्षेत्र कोसळण्याऐवजी हळूहळू ओसरतं. ही दुसरी वाट म्हणजे पॉइंटला समांतर जोडलेला, साधारण 0.15 ते 0.2 मायक्रोफॅरडचा, वीज क्षणभर साठवणारा कंडेन्सर. जुने कंडेन्सर कागद किंवा अभ्रकाच्या थरांचे. कागदाच्या कंडेन्सरात कालांतराने ओल शिरते आणि त्यातून वीज गळू लागते, तापल्यावर आणि व्होल्टेज चढल्यावर तर जास्तच. मीटरला हे कळत नाही याचं आणखी एक साधं कारण आहे. कंडेन्सर प्रायमरीलाही समांतर असतो आणि प्रायमरीचा रोध जेमतेम अर्धा ओहम. त्याच्या शेजारी काही हजार ओहमची गळती मीटरवर उमटणार कुठून? कंडेन्सर खरोखर तपासायचा तर तो मोकळा करून मेगरने (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) काहीशे व्होल्टवर, तापवून तपासावा लागतो आणि नंतर आठवणीने डिस्चार्ज करावा लागतो.

वाइंडिंगचंही तसंच. सेकंडरीचा रोध काही हजार ओहम असतो. त्यातल्या दोन शेजारच्या वेढ्यांचं इन्सुलेशन गेलं, तर रोधात पडणारा फरक मीटरच्या चुकीत बुडून जातो; पण तो एक मिटलेला वेढा क्षेत्राच्या प्रत्येक बदलाला अडवतो आणि ठिणगीतली ऊर्जा खाऊन टाकतो.

म्हणून मॅग्नेटोची परीक्षा तीन गोष्टी सांभाळून घ्यावी: मंद गती, मोठी फट आणि उष्णता. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला आणि ठिणगी दिसली, म्हणजे मॅग्नेटो पास, असं समजू नये. हवेचा दाब वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेजही जवळपास त्याच प्रमाणात वाढतं. सिलिंडरमधल्या दाबाखाली प्लगची अर्ध्या मिलिमीटरची फट बाहेरच्या हवेतल्या कितीतरी मोठ्या फटीएवढी अवघड होते. म्हणून टेबलावर 5 ते 6 मिलिमीटरची फट ठेवून बघावं. मॅग्नेटो व्हाइसमध्ये हलक्या हाताने धरून गती कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलने, त्याच्या ठरलेल्या दिशेनेच, मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरवावा. किक मारताना मॅग्नेटोला साधारण एवढीच गती मिळते. प्लगची वायर मोकळी सोडून मात्र कधीही फिरवू नये. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही, तर ती आतलं इन्सुलेशन फोडू शकते.

ठिणगी नियमित पडली की मॅग्नेटो 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पुन्हा तेच करावं. त्याहून जास्त नको. जुन्या वाइंडिंगवर लाखेचं वार्निश असतं, ते उष्णतेने मऊ होऊन बाहेर फेकलं जातं आणि आर्मेचर व चुंबकाच्या पोलच्या मधल्या अरुंद जागेत चिकटून बसतं. अशाने आर्मेचर जाम झालेले मॅग्नेटोही बघायला मिळतात. तापल्यावर ठिणगी पडेनाशी झाली आणि पॉइंटमध्ये निळसर-पांढरी चमक दिसू लागली, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंट शांत आहेत आणि तरीही ठिणगी क्षीण आहे, तर वाइंडिंग किंवा चुंबक बघावा.

खोलण्यापूर्वी पॉइंटकडे नीट बघा. त्यांची फट 0.3 ते 0.4 मिलिमीटर असते. काही मॅग्नेटोंत पॉइंटचा हलणारा हात फायबरच्या बुशमध्ये बसवलेला असतो. दमट हवेत हा बुश फुगतो, हात जागीच अडकतो, पॉइंट उघडतात पण मिटत नाहीत आणि ठिणगी बंद. बोटाने हात दाबून सोडला की कळतं. तो चटकन परत यायला हवा. इथे बुशचं भोक अगदी किंचित मोठं केलं की काम झालं. हे न बघता लोक थेट नवं वाइंडिंग करायला देतात, याचं वाईट वाटतं.

आर्मेचर बाहेर काढायचंच असेल, तर आधी कार्बन ब्रशचे पिकअप (ठिणगीची वीज बाहेर घेणारे भाग), अर्थचा ब्रश आणि सेफ्टी गॅपचा, म्हणजे जादा व्होल्टेजला वाट देणाऱ्या फटीचा, स्क्रू काढा. हा स्क्रू स्लिप रिंगच्या (ब्रश ज्यावर घासतो त्या आर्मेचरवरच्या कड्याच्या) कडांच्या मध्ये घुसलेला असतो. तो विसरून आर्मेचर ओढलं की रिंगची कड तुटते. नालाच्या आकाराचा चुंबक असेल, तर आर्मेचर निघण्याआधी दोन्ही पोलांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी, नाहीतर जुन्या पोलादी चुंबकाची शक्ती घटते.

कंडेन्सर बदलणं घरी जमतं. नवा निवडताना केवळ मायक्रोफॅरड बघू नका. व्होल्टेज वाढल्यावर ज्याची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) घसरते, असा स्वस्त सिरॅमिक कंडेन्सर इथे उपयोगाचा नाही. जुना गळका तसाच ठेवून नवा समांतर जोडला, तर गळती जशीच्या तशी राहते. नवं वाइंडिंग मात्र घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतकी बारीक तार, हजारो वेढे आणि निर्वातात भरायचं इन्सुलेशन हे काम त्यातल्या जाणत्याकडेच द्यावं.

मॅग्नेटो परत बसवताना बंद करण्याच्या वायरकडे लक्ष द्या. इथे स्विच उलटा चालतो: प्रायमरी अर्थ केली की ठिणगी बंद होते. म्हणजे ही वायर निसटली, तर स्विच 'बंद' दाखवत असतानाही मॅग्नेटो जिवंत असतो आणि हाताने चाक किंवा इंजिन फिरवताच इंजिन पेट घेऊ शकतं. साखळीजवळ हात घालण्याआधी प्लगची वायर काढून ती अर्थला टेकवून ठेवा.