एनम की पूर्णांकी फ्लॅग: एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

प्रोग्रॅममध्ये एखाद्या वस्तूची अवस्था नोंदवायची असते तेव्हा दोन निराळे प्रश्न संभवतात: ठरलेल्या पर्यायांपैकी नेमका एक कोणता, आणि त्यांपैकी एकाच वेळी कोणकोणते लागू आहेत. पहिल्याचे उत्तर एनम, म्हणजे पर्यायांना नावे देऊन बनवलेला प्रकार, देते, तर दुसऱ्यासाठी एकाच पूर्णांकातील एकेक बिट (० किंवा १ असणारे स्थान) एकेका पर्यायाला देऊन फ्लॅग बनवले जातात. यातून काय निवडावे हा वाद आजही होतो, कारण हे दोन प्रश्न दीर्घकाळ एकाच ‘इंट’मध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकात, कोंबले गेले.

वास्तविक आरंभी ते वेगळेच होते. निकलाउस विर्थ यांनी झ्युरिकमध्ये रचलेल्या आणि १९७० च्या सुमारास पुढे आलेल्या पास्कल भाषेत पर्यायांची नावे देऊन स्वतंत्र प्रकार घडवता येई, आणि त्याच प्रकारावर ‘सेट’ही उभारता येई. हा सेट यंत्राच्या पातळीवर बिटांचाच असे. मात्र लिहिणाऱ्याला बिट मोजावे लागत नसत आणि एका प्रकारचा पर्याय दुसऱ्याच्या सेटमध्ये घातला तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, तो अडवत असे.

त्याच दशकात बेल लॅब्जमध्ये घडलेल्या सी या भाषेचा कल निराळा होता. तेथे अशी मूल्ये साधे पूर्णांक असत आणि कंपायलरआधी मजकुरात अदलाबदल करणारा प्रीप्रोसेसर त्यांना नावे देई. एनम या भाषेत उशिरा आले, आणि १९८९ च्या अन्सी (अमेरिकी मानक संस्था) प्रमाणातही त्यातील नावे ‘इंट’ स्थिरांकच राहिली, त्यामुळे कोणताही पूर्णांक एनमच्या चलात बिनबोभाट ठेवता येत होता.

या मोकळिकीची खूण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अजून दिसते. फाइलच्या परवानग्या हे फ्लॅगचे निर्मळ उदाहरण आहे: वाचन ४, लेखन २, चालवणे १, आणि तिन्ही मिळून ७. मात्र फाइल उघडण्याच्या ‘ओपन’ या कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिमला केलेल्या विनंतीत, केवळ वाचन ०, केवळ लेखन १ आणि दोन्हींसाठी २ असे अंक आहेत, म्हणजे वाचन आणि लेखन यांची बिटनिहाय जोडणी (‘ऑर’) केली तर २ नव्हे, १ मिळतो. हे अंक मुळात ‘यातील एक’ या प्रश्नाचे उत्तर आहेत; पुढे ‘नसल्यास नवी बनव’, ‘आधीचा मजकूर काढून टाक’ असे खरे फ्लॅग त्याच पूर्णांकाच्या वरच्या बिटांत आले. त्यामुळे खालचे दोन बिट वेगळे काढण्यासाठी पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाला खास मास्क, म्हणजे हवे तेवढेच बिट निवडणारा अंक, द्यावा लागला. नवशिक्याला येथे ठेच लागली तर दोष त्याचा नाही.

जावा भाषेने सुरुवातीला सीचीच वाट धरली. तिच्या कॅलेंडर वर्गात जानेवारी ० पासून आणि रविवार १ पासून मोजला जातो, म्हणून कंपायलरच्या लेखी रविवार आणि फेब्रुवारी एकच ठरतात! २००४ च्या जावा ५ मध्ये एनम आले, आणि सोबत एनमसेटही, जो ६४ पर्यंतचे पर्याय एकाच ‘लाँग’मध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकात, साठवतो; त्यामुळे पूर्णांकी फ्लॅगच जागा वाचवतात हा युक्तिवाद त्याने बराच बोथट केला. पास्कलची नावांचा प्रकार आणि सेट ही जोडी परतायला तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला, हे मला थोडे खेदजनक वाटते. सी-शार्प भाषेने एनमलाच ‘फ्लॅग्ज’ ही खूण लावण्याची सोय दिली, पण अर्थ नसलेला अंक ती खूण रोखत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीमेवर मात्र पूर्णांक टिकून आहे, आणि त्याची किंमतही तेथेच कळते. लिनक्समधील ‘ओपन’ अनोळखी बिटांकडे दुर्लक्ष करत आला आहे. म्हणूनच २०१३ साली निनावी तात्पुरत्या फाइलचा फ्लॅग आणताना त्यात ‘ही डिरेक्टरीच असावी’ हा जुना फ्लॅग मुद्दाम मिसळावा लागला, जेणेकरून जुन्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) तो कॉल गुपचूप भलतेच न करता अयशस्वी व्हावा. २०२० मध्ये आलेला ‘ओपनअ‍ॅट२’ हा नवा कॉल अनोळखी बिट दिसताच चूक दाखवून परततो.