./कॉन्फिगरच्या मागे लागणारं ते डॅश-डॅशचं शेपूट

सर्व्हरवर अपाची (वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा तर आज बहुतेक जण सरळ 'ॲप्ट इन्स्टॉल' (तयार पॅकेज बसवणारी कमांड) मारतात आणि मोकळे होतात, त्यात चूक काहीच नाही. पण कधीकधी हवं ते व्हर्जन मिळत नाही, किंवा हवं असलेलं मॉड्यूल नेमकं त्या तयार पॅकेजात नसतं, मग सोर्स कोड डाउनलोड करायचा, टारबॉल (सोर्सच्या फायलींचं गाठोडं) उघडायचा आणि तीन कमांड द्यायच्या: ./कॉन्फिगर मशीन तपासून तयारी करतं, मग मेक सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवतं (म्हणजे कंपाइल करतं), मग मेक इन्स्टॉल तो जागेवर बसवतं (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). खरी गंमत पहिल्या कमांडमध्ये आहे. नेटवरून उचललेल्या कमांडला तर -- ने सुरू होणाऱ्या ऑप्शन्सचं चार-चार ओळींचं शेपूट असतं आणि ते न वाचताच लोक एंटर दाबतात.

हे कॉन्फिगर प्रकरण आलं कुठून? ८०-९० च्या दशकात युनिक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) एकच नव्हतं, सनचं वेगळं, एचपीचं वेगळं, आयबीएमचं वेगळं, एकीकडे एखादं फंक्शन असायचं तर दुसरीकडे नसायचं. मग १९९१ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या बऱ्याच युटिलिटीज सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झीने मशीनची तपासणी स्वतःच करणाऱ्या स्क्रिप्ट लिहायला घेतल्या आणि त्यातून ऑटोकॉन्फ तयार झालं. त्याच्या आधी लॅरी वॉलची (तोच, पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा बनवणारा) कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट होती, पण ती माणसालाच प्रश्न विचारत बसायची.

ऑटोकॉन्फची तपासणी कशी चालते ते मला फार आवडतं. तुम्ही लिनक्सवर आहात की बीएसडीवर (युनिक्सचाच एक प्रकार) एवढ्यावरून ते अंदाज बांधत नाही, तर 'कॉनफटेस्ट' नावाचा एक चिमुकला सी प्रोग्राम लिहितं, त्यात हवं असलेलं फंक्शन वापरून बघतं आणि कंपायलरला देतं. कंपाइल झालं तर 'येस', नाही झालं तर 'नो', आणि फाईल पुसून पुढच्या चाचणीला. स्क्रीनवर भराभर 'चेकिंग... चेकिंग...' पळतं ते हेच. मध्येच गाडी अडली तर स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीकडे बघत बसू नका, कॉन्फिग डॉट लॉग उघडा, कंपायलर नेमका कशावरून भडकला ते तिथे अक्षरशः लिहिलेलं असतं.

आता ऑप्शन. सगळ्यात महत्त्वाचा --प्रीफिक्स, म्हणजे हे सगळं कुठे ठेवायचं. अपाचीला काहीच सांगितलं नाही तर तो /यूएसआर/लोकल/अपाची२ मध्ये बसतो, पोस्टग्रेस हा डेटाबेस /यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएलमध्ये. माझं स्पष्ट मत, प्रीफिक्स नुसता /यूएसआर कधीही देऊ नका, ती जागा पॅकेज मॅनेजरची, तिथे त्याच्या फायलींवर आपल्या फायली पडल्या की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. उलट स्वतःच्या होम फोल्डरमधला पाथ दिला तर सुडोसुद्धा (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही, फक्त १०२४ च्या खालचे पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरवर ऐकतो ते) साध्या युजरला सहसा मिळत नाहीत म्हणून ८० सोडून ८०८० घ्यायचा, त्यासाठी अपाचीत --विथ-पोर्ट आहे. आणि प्रीफिक्स म्हणजे फक्त कॉपी करायची जागा नव्हे, तो पाथ बऱ्याचदा बायनरीच्या (कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या) आतच लिहिला जातो, त्यामुळे नंतर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की सर्व्हर आपली कॉन्फिग फाईल जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. स्लॅब पडायच्या आधी पाइप कुठून जाणार ते ठरवावं लागतं, तसंच हे.

बाकीचे ऑप्शन मुख्यतः दोन घराण्यांचे. --इनेबल म्हणजे या सॉफ्टवेअरमध्येच असलेली सोय चालू करा, --विथ म्हणजे सहसा बाहेरची लायब्ररी वापरा. अपाचीत --इनेबल-एसएसएलने एचटीटीपीएसचं मॉड्यूल येतं आणि --विथ-एसएसएलने ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी कुठे आहे ते सांगायचं, नावं सारखी म्हणून घोळ होतो.

आणि इथे एक खोच आहे. --इनेबलच्या पुढचं स्पेलिंग चुकलं तर ऑटोकॉन्फ थांबत नाही, एक वॉर्निंग टाकतं आणि पुढे जातं, ती शेकडो ओळींत वाहून जाते, आणि सगळं नीट झालं अशा समजुतीत असताना मॉड्यूल नाहीच हे कळतं. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरची कॉन्फिगर स्क्रिप्ट मात्र ऑटोकॉन्फची नाही, हाताने लिहिलेली आहे, तिला अनोळखी ऑप्शन दिला की ती एरर देऊन तिथेच थांबते. मला हेच बरं वाटतं.

ऑटोकॉन्फने बनवलेल्या स्क्रिप्ट हजारो ओळींच्या असतात, त्या कोण वाचणार? नेमका याचाच फायदा कुणीतरी एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत घेतला. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, खोदत गेला तर एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर (चोरवाट) निघालं. त्याची सुरुवात टारबॉलमधल्या एका एम४ फाईलपासून होती, म्हणजे ज्यातून कॉन्फिगर तयार होतं त्या मालातून, आणि ती फाईल गिटमध्ये, म्हणजे सगळे बघतात त्या सोर्समध्ये, नव्हतीच. त्याच प्रोजेक्टात सीमेकच्या (ऑटोकॉन्फसारखंच काम करणारं दुसरं साधन) एका चाचणी-प्रोग्राममध्ये एक जादा टिंब घातलेलं सापडलं, त्यामुळे तो कधीच कंपाइल होईना आणि लँडलॉक नावाची सुरक्षा 'उपलब्ध नाही' समजून गुपचूप बंद राही. कंपाइल झालं नाही म्हणजे 'नो', हा भाबडा नियम असा वापरला गेला.

दुसऱ्याने बसवलेला सर्व्हर तुमच्या गळ्यात पडला असेल तर आधी कोणते ऑप्शन दिले होते ते बघा. 'एनजिनएक्स -व्ही' (व्ही कॅपिटल) दिलं की सगळं शेपूट छापून येतं, पोस्टग्रेसला 'पीजी_कॉन्फिग --कॉन्फिगर' विचारायचं. अपाची त्याच्या बिल्ड फोल्डरमध्ये कॉन्फिग डॉट नाइस नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवतो, त्यात मूळ कमांड जशीच्या तशी असते. नवीन व्हर्जनच्या सोर्समध्ये ती कॉपी करून चालवली की जुने सगळे ऑप्शन लागतात, एखादा नवा हवा असेल तर तिच्यापुढे जोडायचा.